काठी कुणी धरली होती?

“लाव जोर! अजून लाव!”

कापडाच्या त्या दुकानात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. माणसं काउंटरवर चढली होती, ताग्यांच्या फळ्यांना लोंबकळत होती, बाहेर रस्त्यावर टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांच्या मधोमध, जमिनीपासून छतापर्यंत, एक काठी उभी होती. मनगटाएवढी जाड, गुळगुळीत. वर खिळा नाही, खाली खड्डा नाही. बाजारातला सगळ्यात दांडगा हमाल तिला मिठी मारून ओढत होता. त्याची मान लाल झाली, पायातल्या चपला सरकल्या, पण काठी ढिम्म हलेना.

“राहू दे बाळा,” काठीबाबा मायेनं म्हणाले. “पोती हलवणं वेगळं आणि देव हलवणं वेगळं. आता वरच्यांना खाली बोलवा.”

वरच्या मजल्यावर पंचवीसेक माणसं मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होती. ती जिन्यानं खाली आली. शेवटचा माणूस उतरताच बाबांनी काठीला नुसती दोन बोटं लावली आणि गर्रकन फिरवली.

“भक्त वर चढले की देव काठीत येतो. भक्त उतरले की देव जातो. आहे कुणाला शंका?”

शंका एकीलाच होती, आणि ती दारात कडेवर नात घेऊन उभी होती.

तिला सगळे टेकूताई म्हणत. ओलं छत सुकेपर्यंत त्याला खालून धरून ठेवणारे लोखंडी टेकू बांधकामांना भाड्यानं द्यायचे, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. दुकान तिच्या धाकट्या भावाचं होतं. वरच्या मजल्यावर भावजयीचं पाळणाघर होतं. तिथं चौदा मुलं, त्यातली एक ही नात. रोज तिला सून सोडायची. आज सून तापानं पडली होती, म्हणून टेकूताई महिन्याभरानं इकडे आली होती.

काठीकडे तिनं धड पाहिलंही नाही. तिनं दुकानाच्या मधल्या भागाकडे पाहिलं आणि ती तशीच आत घुसली.

“भिंत कुठंय?” तिनं भावाला कोपऱ्यात ओढून विचारलं.

“कुठली भिंत, ताई?”

“माझ्यासमोर वेड पांघरू नकोस. मधली भिंत. दुकानाला दोन खोल्या होत्या, आता एक दिसतेय.”

“ती होय? पाडली. वीस दिवस झाले. दुकान कसं ऐसपैस दिसतंय बघ!”

“कुणाला विचारून पाडलीस?”

“तुला विचारणार होतो,” भाऊ खाली बघत म्हणाला, “पण तू नाहीच म्हणाली असतीस.”

आता या उत्तराला काय म्हणावं? जो नाही म्हणेल त्याला विचारायचंच नाही, आणि अंगाशी आलं की जो हो म्हणेल त्याचे पाय धरायचे! झालंही तसंच होतं. भिंत गेल्यापासून छतात टक् टक् आवाज यायचे. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पांढरी भुकटी पडायची. वरचं दार घासायला लागलं. भावाची झोप उडाली, आणि त्यानं मिस्त्रीला नाही, बाबाला बोलावलं. बाबांनी डोळे मिटून सांगितलं की वास्तू रागावली आहे, आणि छताखाली काठी उभी केली.

“वास्तूला कसला राग?” टेकूताई दात-ओठ खात म्हणाली. “अरे, गच्चीचा भार वरच्या भिंतीवर. वरच्या भिंतीचा खालच्या भिंतीवर. खालच्या भिंतीचा पायावर आणि पायाचा जमिनीवर. जमिनीला टेकेपर्यंत भार कुठंही थांबत नाही. त्याची वाटच तू तोडलीस! विटा ट्रॅक्टरमध्ये घालून नेल्यास, पण भारही नेलास का त्यातून?”

“पण ताई, काठी धरतेच ना? सगळ्यांनी पाहिलंय.”

“वर पंचवीस माणसं चढली की छत खाली वाकतं आणि काठी आवळली जाते. माणसं उतरली की छत केसभर वर जातं आणि काठी सुटते. तुझा देव म्हणजे पंचवीस माणसांचं वजन आहे, दुसरं काही नाही!”

हे बाबांच्या कानावर गेलं. ते जराही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“ताई, सगळी सृष्टी म्हणजे कंपनं. कंपनांना वजन नसतं. तुमचं शास्त्र जिथं दमून बसतं, तिथून आमची काठी चालायला लागते.” लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबांनी हात वर केला. “आज चारला महाप्रार्थना. वर साठ माणसं हवीत. आणि मुलांना वरून हलवू नका. निष्पाप जिवांमुळेच देव इथं टिकून आहे. मुलं नेलीत तर वास्तू सूड घेईल.”

टेकूताई तशीच जिना चढली. भावजय मुलांना दूध पाजत होती.

“मुलांना घरी पाठव. आत्ताच्या आत्ता.”

“काय सांगून पाठवू, ताई? छत पडायला आलंय म्हणून? उद्या एकही मूल येणार नाही माझ्याकडे.”

“अगं, उद्या यायला मुलं जिवंत नकोत का?”

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिची मान नाहीच हलली. “बाबांनी सूड म्हटलंय. माझ्यामुळे एखाद्या पोराला काही झालं तर?”

म्हणजे छत पडून झालं तर चालेल! पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? नातीला कडेवर घेऊन टेकूताई खाली उतरली. मागे तेरा मुलं राहिली होती, आणि आपण आपली तेवढी उचलून नेतोय, याची तिला भयंकर लाज वाटली.

नातीला घरी सोडून ती थेट इमारतींची तपासणी करणाऱ्या कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

“अर्ज द्या. पाहणी सोमवारी होईल.”

“आणि छत त्याआधी खाली आलं तर?”

“तर मग तातडीचं प्रकरण होईल.” साहेबांनी आवाज खाली आणला. “ते जाऊ द्या. काठीत खरंच देव येतो का हो? आमच्या हिला दाखवायचं होतं.”

टेकूताईनं कपाळावर हात मारला. शिकलेल्या माणसाचं हे, तर त्या बिचाऱ्या हमालाला काय बोलायचं?

साडेतीनला ती परत आली तेव्हा तिच्यामागे टेंपो होता. टेंपोत वीस टेकू, जाड फळ्या आणि तिची दोन माणसं. दुकानात सकाळच्या दुप्पट गर्दी होती. वर चाळीस माणसं पोचली होती, अजून चढत होती. आणि काठी आता सरळ नव्हती. मधल्या भागात ती चांगली चार बोटं बाहेर वाकली होती.

“देव झुकला! आपल्यासाठी झुकला!” बाया हात जोडत होत्या. कुणी काठीला फुलं वाहत होतं.

“बाहेर व्हा!” टेकूताई ओरडली. कुणी वळूनही पाहिलं नाही. “अरे बहिऱ्यांनो, झुकला नाही, मोडायला आलाय!”

“ए बाई, श्रद्धा नसेल तर गप्प बस,” कुणीतरी मागून खेकसलं.

तिनं काउंटरवरची कापड मोजायची बारीक लाकडी पट्टी उचलली आणि काउंटरवर चढली. पट्टी उभी धरली, वर तळहात ठेवला आणि दाबायला लागली. पट्टी कुशीला वाकली. आणखी दाबली, आणखी वाकली. मग कडकन मोडली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“ही काय आशीर्वाद देत होती? उभ्या बारीक वस्तूवर भार आला की ती आधी कुशीला वाकते, मग मोडते. तुमची काठी वाकलीय. बघा डोळे उघडून!”

लोक बाबांकडे पाहू लागले. बाबा हसले. “लाकडाची पट्टी आणि देवाची काठी एक नव्हे.”

तिला वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी. पण वर तेरा मुलं होती. तिनं राग गिळला आणि हात जोडले.

“मग बाबा, सकाळचाच चमत्कार दाखवा. वरच्यांना खाली बोलवा आणि काठी दोन बोटांनी फिरवा. फिरली तर सगळ्यांसमोर तुमच्या पायांवर डोकं ठेवते.”

असा मोका कोण सोडेल? “या रे, सगळे खाली या!” बाबांनी हाक दिली.

“मुलंसुद्धा,” टेकूताई म्हणाली. “नाहीतर उद्या लोक म्हणतील, देव मुलांसाठी थांबला होता, बाबांचं काही चाललं नाही.”

बाबांना हे पटलं. “मुलंही येऊ द्या,” त्यांनी भावजयीला फर्मावलं. वरची सगळी माणसं उतरली. त्यांच्यामागून एकमेकांचे हात धरून तेरा मुलं उतरली आणि टेकूताईच्या माणसांनी त्यांना रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला.

बाबांनी काठीला दोन बोटं लावली. फिरेना. मूठ आवळली. फिरेना. दोन्ही हातांनी पिरगळली, कपाळावर घाम आला. मग त्यांनी बोटाच्या पेरानं काठीवर ठकठक केलं, कान लावला आणि वर छताकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं.

टेकूताईनं हे असं ठोकून ऐकणं हजारदा पाहिलं होतं. टेकू किती आवळला ते तिचे कामगार असंच बघायचे.

“सेंटरिंगच्या, टेकू लावायच्या कामावर किती वर्षं होतास?” तिनं हळूच विचारलं.

“सहा.” आवाजातला देव निघून गेला होता. “पण सकाळी तर सुटत होती, ताई.”

“सकाळी माणसं उतरली की छत परत वर जात होतं. आता जात नाही. युक्ती तुला ठाऊक होती, तिचा अर्थ नाही.”

त्यानंतर बाबा असे पळाले की एक चप्पल काउंटरखालीच राहिली. ज्याला देवाची एवढी खात्री, तोच आधी दार गाठतो, हे पाहून गर्दीलाही अक्कल आली. दुकान क्षणात रिकामं झालं.

मग टेकूताईची माणसं कडेकडेनं आत सरकली. छताला आडव्या फळ्या लावल्या, खाली एकेक टेकू उभा केला, पेच फिरवून आवळला. एक, दोन, पाच, नऊ. अकरावा आवळला आणि मधली काठी आपोआप सुटून जमिनीवर आदळली. भार आता टेकूंनी उचलला होता, काठीला धरायला कुणी उरलं नव्हतं.

दारातून बघणाऱ्या हमालानं ती उचलून आणली. “एवढीशी?” एका हातात तोलत तो म्हणाला. “हिच्यासाठी माझी पाठ धरली?”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकूताई पेच तपासायला आली. इमारत रिकामी केली होती. मधल्या टेकूवर फुलांचा ताजा हार होता. भाऊ बाजूला हात जोडून उभा.

तिला हसावं की रडावं कळेना. “हे आणि काय?”

“ताई, यानं पोरं वाचवली.”

“पोरं जिन्यानं उतरली म्हणून वाचली!” तिनं हार ओरबाडून काढला. “हा लोखंडाचा नळ आहे. याला हार नको, दर दोन तासांनी पेच बघणारा माणूस हवा. आणि मिस्त्री बोलावून इथं पक्की तुळई घालून घ्यायला हवी. छत वास्तूचा राग बघून पडत नाही आणि तुझी भक्ती बघून थांबत नाही. खाली आधार असेल तर राहतं, नसेल तर येतं. विचारलं असतंस तर एवढंच सांगितलं असतं.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते. सरळ नाही म्हणाले असते.” तिनं कमरेची पेच आवळायची किल्ली काढली. “अरे, चौदा पोरं असायची वर. नाही म्हणणारं माणूस वैरी नसतं रे. आधी त्यालाच विचारावं.”

भावानं तिच्या हातून किल्ली घेतली आणि पहिल्या टेकूपाशी जाऊन पेच तपासायला लागला.