डावं कोपर

तोकिलुपेला बाबांचे गुडघे बघायचे नव्हते आणि बाबांना ते दाखवायचे नव्हते. एवढ्या एकाच गोष्टीवर बापलेकीचं एकमत होतं. बाकी जन्मभर दोघांचा छत्तीसाचा आकडा.

बाबा टोंगात, वावाऊ बेटावर. ती ब्रिस्बेनमध्ये, म्हाताऱ्यांच्या एका निवासात सेवेला. इनोकेबाबांना पक्षाघात होऊन उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा तिने फोनवर जाहीर केलं, "नाताळपर्यंत तुम्ही उभे राहिला नाहीत, तर मी इथलं सगळं सोडून कायमची घरी येणार."

"ये की," बाबा म्हणाले. जीभ जड झाली होती, पण तिची धार शाबूत होती. "येऊन काय करणार? माझ्यासोबत छताकडे बघत पडणार? इतकी वर्षं राबून तिथे कायमचं राहायचा परवाना हातातोंडाशी आलाय. तो घे, मग ये."

परवाना मार्चमध्ये मिळायचा होता. त्याआधी नोकरी सोडली तर सगळ्यावर पाणी.

मग तिने निवासातलीच युक्ती काढली. तिथे व्यायाम शिकवणारा ग्रेग म्हाताऱ्यांना फोनच्या साध्या कॅमेऱ्यासमोर उभं करायचा. अंगाला ना तारा, ना पट्टे. फोनच माणसाचे खांदे, कोपरं, गुडघे हुडकायचा आणि रेषांनी जोडायचा. हात नीट वर गेला तर रेष हिरवी, जरासा चुकला तर पिवळी, फारच चुकला तर लाल. शिवाय एक सोय होती: माणसाचं चित्र न पाठवता नुसत्या रेषा पाठवता यायच्या. तोकिलुपेने तीच निवडली. टोंगात बापाच्या डोक्याला हात लावणंही लेकीला वर्ज्य, मग ती त्याला अर्ध्या कपड्यांत धडपडताना कशी बघणार? रेषांना कसली आलीय लाज!

घरी फोन लावायचं काम अनासेइनीकडे आलं, म्हणजे धाकट्या सेतालेकीच्या बायकोकडे. बीफच्या रिकाम्या डब्याला फोन टेकवला की झालं. खुद्द सेतालेकीशी बोलायचा प्रश्नच नव्हता. वयात आल्यापासून ही भावंडं एका खोलीत बसली नव्हती, आणि शरीराबद्दल तर एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. भांडण नव्हे हो, टोंगात भावाने बहिणीचा मान ठेवायचा तो असा. मला विचाराल तर या मानापायी नको तेवढं बोलायचं राहून जातं.

पहिल्या आठवड्यातल्या रेषा बघवत नव्हत्या. उजवा हात खांद्यापर्यंतही पोचत नसे, कमर एका अंगाला कलायची, सगळं लालच लाल. मग एकदम सुधारणा सुरू झाली. हात आधी कानापर्यंत गेला, मग डोक्यावर. गुडघे वाकायला लागले. तोकिलुपे कामावर निघण्याआधी चहा पिता पिता बघायची, एकटीच टाळ्या वाजवायची आणि अनासेइनीला तसं कळवायची. एकदा फोननेच विचारलं, वाईट प्रयत्न पुसायचे का? पुढे कधी बाबांनी तिच्या फोनात मागचं बघितलं तर उगाच खचतील, म्हणून तिने पहिल्या आठवड्यातलं सगळं लाल पुसून टाकलं.

"बघितलंस? म्हातारा आता नारळावर चढतोय," बाबा फोनवर म्हणायचे. आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

"आवाज असा का येतोय? दमलात का?"

"तूच व्यायाम करायला लावतेस आणि वर दमलात का विचारतेस! शहाणीच आहेस."

एका सकाळी तिने मोठ्या कौतुकाने ग्रेगला त्या रेषा दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"कुठली बाजू गेलीय म्हणालीस?"

"उजवी."

"मग उजवा हात तर झकास चाललाय. हे डावं कोपर का सरळ होत नाही? रोज इथेच पिवळं येतंय."

तिने वाकून बघितलं. ते कोपर तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी सेतालेकी आंब्यावरून पडला होता, तेव्हापासूनचं. रोज सकाळी चहाचे घुटके घेत ती सख्ख्या भावाला उठाबशा काढताना बघत होती! शरमेने तिचे कान तापले. दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला आणि शरम कुठल्या कुठे पळाली. सेतालेकी उभा आहे, म्हणजे बाबा उभे नाहीत.

परवाना गेला चुलीत म्हणत तिने मिळेल ते विमान पकडलं.

वावाऊच्या विमानतळावर अनासेइनी काळ्या कपड्यांत उभी होती, कमरेला सुतकाची मोठी फाटकी चटई गुंडाळून. तशीच दुसरी चटई तिने हातात आणली होती, तोकिलुपेसाठी.

"काल पहाटे गेले, ताई," ती म्हणाली.

दफन झालं, माणसं पांगली. तोकिलुपे बाबांच्या रिकाम्या खाटेशी बसली होती. बाहेर पडवीत सेतालेकी भिंतीला पाठ लावून बसला. मध्ये लाकडी फळ्या.

"ताई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"दुसऱ्या आठवड्यात पुन्हा झटका आला. मग बाबांनीच मला उभं केलं. मी नाही म्हटलं तर म्हणाले, तिला कळलं तर ती हातचं सगळं टाकून येईल, मुकाट उभा राहा. रोज खाटेवरून हुकूम! 'अरे बैला, एवढा वर नको, मी आजारी माणूस आहे! आज कानापर्यंत, डोक्यावर बुधवारी.'"

तोकिलुपेला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडू झालं.

"झालं की विचारायचे, 'बघितलं का तिने?' टाळ्या वाजवल्या असं कळलं की मग दोन घास खायचे."

"मला सांगायचं होतंस रे."

"कुठल्या तोंडाने सांगू? की ताई, तू बघतेस तो मी आहे?"

तिला राग इतका आला होता की भिंतीवर डोकं आपटावं, पण तो कुणावर काढायचा तेच तिला कळेना.

सेतालेकी पुढे सांगू लागला. "पण पहिला आठवडा बाबाच होते, हं. कुणाला हात लावू दिला नाही. पडायचे आणि परत उभे राहायचे. म्हणायचे, पोरगी बघतेय. आजारपणात एक फोटो काढू दिला नाही त्यांनी. इकडच्या फोनात तर काहीच राहत नाही, सगळं तुझ्याकडे जातं. तेवढं तुझ्यापाशी आहे ते बरं झालं. जपून ठेव."

तोकिलुपेने फोन उघडला. हिरव्या रेषा दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, डावं कोपर जरासं वाकलेलं. तिने मागे मागे जाऊन बघितलं. त्याच्या आधी काहीही नव्हतं.

"आहे ना, ताई?"

"आहे," ती म्हणाली. "सगळं आहे."