पाणी तपासणारी पेटी कुलपात आहे

ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आम्ही इतके जण आहोत: सतरा रजिस्टरं, एक बंद पडलेला पंखा, चार मेलेली झुरळं आणि मी. मी क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मोजणारी जुनी पेटी. तळहाताएवढी. माझ्यात काचेची एक नळी आणि फिक्या ते गडद पिवळ्या रंगाच्या पाच पट्ट्या आहेत.

मित्रांनो, खारबावजवळच्या या गावात मी नऊ वर्षं काम केलं. पाणीपुरवठा पाहणारी कमळाताई रोज सकाळी शेवटच्या नळाचं पाणी माझ्या नळीत घ्यायची आणि औषधाचे थेंब टाकायची. पाणी पिवळं झालं, की जंतू मारायला क्लोरीन शिल्लक आहे असं कळायचं. "पिवलं झालं गो!" बायका नळावरूनच ओरडायच्या. तीच माझी शाबासकी.

मग फिल्टर विकणाऱ्या एकाने सरपंच हिरामणदादांना एक पेन भेट दिलं. पाण्यात बुडवलं की त्यावर आकडा उमटतो. तेव्हापासून, चौदा महिने, मी कुलपात आहे. किल्ली दादांच्या कमरेला. कुलपाच्या फटीतून सकाळी प्रकाशाचा एक ठिपका आत येतो, सतराव्या रजिस्टरापर्यंत सरकतो आणि विझतो.

आज दुपारी बाहेर कमळाताईचा आवाज आला.

"दादा, टाकीत पावडर टाकू द्या. अन् माजी पेटी काढा."

"कमळे, आज मनालीची हळद हाय. आठशे मानसं जेवतील. भाताला पावडरीचा वास आला त पाव्हनं काय म्हनतील?"

"अन् पाव्हन्यांना जुलाब झालं त? लेकीच्या हळदीत?"

"ह्यो पेन बघ. ब्यान्नव दाखवतंय. पाचशेच्या आत म्हंजे चोख. तुज्या पेटीत काय, नुसता पिवला रंग!"

टेबलावर दोन पेले ठेवल्याचा आवाज झाला.

"ह्यो नलाचा. अन् ह्यो तुमच्याच पत्र्यावर साचलेल्या पावसाचा, कावल्यांनी शिटलेला. बुडवा पेन."

पेन आधी एका पेल्याला आणि मग दुसऱ्याला टेकल्याचा आवाज आला.

"नलाला ब्यान्नव," दादा म्हणाले. "पत्र्याला... एकतीस."

"मंग ह्योच जास्त चोख. प्या."

पेन पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. जंतू त्याला कळत नाहीत. ताई हे प्रशिक्षणात शिकली होती आणि चौदा महिने सांगत होती.

कुलूप उघडलं. माझ्यातल्या औषधाची मुदत संपली होती. ताईने नवी बाटली आणली होती. तिने मला मांडवात नेलं. तिथल्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. शून्य. तिने टाकीत पावडरीचं द्रावण ओतलं आणि नळ बंद ठेवायला सांगितलं. क्लोरीनला अर्धा तास द्यावा लागतो. आचारी तांदूळ घेऊन थांबले. ताई मला मांडीवर घेऊन बसली. किल्ली मात्र पुन्हा दादांच्या कमरेला गेली होती. उद्या कपाट उघडेल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मी कधीच चुकत नाही असं नाही. औषध जुनं झालं की मीही चुकते. म्हणून तर जाणणारं माणूस लागतं. त्याला शंका विचारा, पुरावा मागा. पण त्याचं साधन कुलपात ठेवू नका.

पावणेपाच वाजता माझ्या नळीतलं पाणी पिवळं झालं आणि ताईने सतराव्या रजिस्टरात लिहिलं: मांडवाचा नळ. उरलेलं क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर.