लिंबोणीची छाटणी

अफशाँ ड्यूटीवरून परतली तेव्हा अंगणात हिरव्या फांद्यांचा ढीग पडला होता. फाटक उघडताच लिंबाच्या पाल्याचा वास अंगावर आला. क्षणभर तिला बरं वाटलं आणि मग लिंबोणी दिसली. छातीइतक्या उंचीचं खोड आणि त्यावर फांद्यांची पाच-सहा थोटकं, एवढंच उरलं होतं.

सासरे भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले होते. पुढ्यात तिच्या नवऱ्याची, तल्हाची, लोखंड कापायची करवत. बाजूच्या परातीत कच्ची, सुपारीएवढी लिंबं भरलेली.

"छाटणी केली," ते म्हणाले. "फार माजली होती गो. पावसाळा सरताना छाटली की झाड जोमानं फुटतं."

"अब्बा, इथे पावसाळा कुठे आहे?"

ते करवतीच्या पात्याला चिकटलेला पाला काढू लागले. अफशाँ आत गेली, बुरखा खुंटीला अडकवला आणि स्वयंपाकघरात नळ सोडून नुसती उभी राहिली.

सौदीतल्या यान्बू शहरातल्या या भाड्याच्या घरात ती सहा वर्षं राहत होती. ती सरकारी इस्पितळात डायलिसिसची नर्स होती. नवरा तल्हा मक्केत एका हॉटेलच्या लिफ्टचं काम बघायचा आणि दर पंधरा दिवसांनी गुरुवारी घरी यायचा. मधल्या दिवसांत तिला सोबत होती ती या चार भिंतींमधल्या अंगणाची. डाळिंब, मोगरा, फाटकावरची बोगनवेल आणि लिंबोणी. एसीचं ठिबकणारं पाणी ती बादल्यांत साठवायची आणि संध्याकाळी एकेका झाडाला घालायची. लिंबोणी तिनं बोटभर रोप होती तेव्हा आणली होती. यंदा पहिल्यांदाच ती फळांनी वाकली होती.

अब्बा, म्हणजे अलीमियाँ परकार, ऑगस्टमध्ये आले. व्हिसा तीन महिन्यांचा होता. तल्हाची अम्मी रमजानमध्ये गेली, तेव्हापासून ते दापोलीकडच्या घरात एकटेच होते. उमऱ्याची यात्रा झाली, तल्हाबरोबर चार दिवस मक्केत राहून झालं, मग ते यान्बूत येऊन राहिले आणि त्यांना काही सुचेना. टीव्ही नको, झोप नको. पहाटे फजरची नमाज झाली की अंगणात त्यांच्या चपला सुरू व्हायच्या. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, पुन्हा फाटकापर्यंत. अफशाँ आत डबा भरताना तो आवाज ऐकायची आणि तिच्या हातून काहीतरी सांडायचं.

तिनं तल्हाला फोन लावला. "सगळं झाड कापलंय. लिंबांसकट."

"वाढेल गं परत. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार?"

"मी कुठे बोलले? बोलले नाही, म्हणून तर तुला फोन केला."

सप्टेंबरचा मध्य होता आणि पारा अजून बेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. इतकी वर्षं पानांच्या आड राहिलेल्या सालीवर आता दिवसभर ऊन पडू लागलं. आठवड्यात ती पश्चिमेकडून तपकिरी झाली, मग उभी तडकली. अफशाँला ते रोज दिसायचं. अब्बांनाही दिसत होतं. जेवताना दोघंही आमटी किती तिखट झाली यावर बोलायचे. कच्ची लिंबं परातीत पिवळी पडून सुकत गेली. तिनं त्यांना हात लावला नाही आणि त्यांनीही ती उचलली नाहीत.

एके दिवशी खोड पांढरं दिसलं. अरबीचा एक शब्द येत नसताना अब्बा एकटेच बाजारात गेले होते. एका अरब दुकानदाराला खाणाखुणा करून त्यांनी चुना आणला आणि सालीला ऊन लागू नये म्हणून हातानंच फासला होता. दुसऱ्या दिवशी चार काठ्या रोवून त्यांनी वर स्वतःची चादर ताणली. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं ती उडाली.

"राहू द्या ना, अब्बा," अफशाँ म्हणाली.

"राहू देऊन कसं चालेल?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले आणि पुन्हा गाठी मारू लागले.

पुढच्या बुधवारी दुपारी एक वाजता तिनं वॉर्डातून घरी फोन केला. रोज करायची, जेवलात का विचारायला. कोणी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केला. समोर मशीनवर चार पेशंट होते. एकाचं प्रेशर घेताना आकडा तिच्या लक्षातच राहिला नाही, पुन्हा घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा फोन वाजून बंद पडला तेव्हा तिनं इनचार्ज सिस्टरला गाठलं, पेशंट दुसऱ्या नर्सच्या हवाली केले आणि गाडी काढली. बारा मिनिटांचा रस्ता, पण प्रत्येक सिग्नल लाल.

अब्बा झाडाशीच होते. सुटलेल्या चादरीचं एक टोक त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं, सावली खोडावर पडावी म्हणून. स्वतः मात्र उन्हात. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"अब्बा! कधीपासून बसलाय?"

"वारा सुटलाय," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

तिनं त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि आत आणून जमिनीवर निजवलं. एसी वाढवला, ओले टॉवेल मानेवर, काखेत ठेवले. ताप एकशे तीन. "अर्ध्या तासात उतरला नाही तर ॲम्ब्युलन्स. मग नाही म्हणायचं नाही," तिनं बजावलं आणि चमचाचमचा मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर.

ताप उतरू लागला. तेव्हा अब्बा बोलले.

"वादळात आपली आंब्याची कलमं पडली, तेव्हा तू इथेच होतीस."

"हो."

"बासष्ट. सगळी मीच कापली. महिनाभर कापत होतो. नंतर वाडीत पाय नाही ठेवला. तल्हाची अम्मी मागे लागायची, निदान एक तरी लावा. मी म्हणायचो, लावीन, पुढल्या पावसात लावीन. पाच पावसाळे गेले. मग तीच गेली." त्यांनी तोंडाशी आलेला चमचा बाजूला सारला. "इथे तुझं झाड बघितलं. कसं भरलेलं होतं. हातांना राहवेना गो. एक फांदी काढली, मग दुसरी काढली. थांबताच येईना."

अफशाँ टॉवेल पिळत होती. त्यांना समजावणारं काहीतरी बोलावं, असं तिला वाटलं. पण तोंडून वेगळंच आलं. "मला फार राग आला होता, अब्बा. अजून आहे."

"असू दे," ते म्हणाले. "माझा मलापण आहे."

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. फार नाही, पण खरं. अब्बा उन्हात जाईनासे झाले. संध्याकाळी दोघं मिळून पाणी घालायचे आणि ते तिला विचारायचे, इथे मोगरा कधी थांबतो, डाळिंब कधी उतरवायचं. ऑक्टोबरात एका सकाळी समुद्रावरून गार, हलका वारा आला. तिनं एसी बंद करून खिडक्या उघडल्या. मोगरा ओसरला, बोगनवेल मात्र पेटल्यासारखी फुलली. डाळिंबाची दोन फळं झाडावरच उकलली. तिसरं त्यांनी वाटून खाल्लं. लिंबोणी मात्र मेली. अब्बांनी नखानं साल खरवडून बघितली, खाली, आणखी खाली, अगदी मुळाशी. कुठेच हिरवं नव्हतं. दोघांनी मिळून ती खणून काढली.

त्याच दिवशी अब्बांनी तल्हाला फोन करून तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. व्हिसाचे अजून तीन आठवडे शिल्लक होते.

तल्हाचा फोन लगेच अफशाँला आला. "तू काही बोललीस का त्यांना?"

"बोलले. राग आला होता, तो सांगितला."

"म्हणून चाललेत ते?"

"तूच विचार त्यांना." मग तिला राहवलं नाही. "तल्हा, तुझे अब्बा पाच वर्षं त्या वाडीत गेले नाहीत, हे तुला माहीत होतं?"

पलीकडे लिफ्टच्या दारांची घंटी वाजली. "नाही," तो म्हणाला.

विमानतळावर अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाडीतला झाडोरा काढण्यातच दिवाळी उलटेल," ते म्हणाले. "मग खड्डे. उन्हाळ्यात ते तापवायचे. पावसाला कलमं. मला वेळच नाही गो."

ते गेल्यावर अफशाँला घर खायला उठलं. आता तीच संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालायची. खणलेला खड्डा ओलांडून जायची आणि परत यायची. दोन शुक्रवार रोपांच्या नर्सरीत जाऊन ती रिकाम्या हातानं परतली.

नोव्हेंबरात अब्बांचा फोन आला. धाप लागलेली, मागे कुठेतरी कोयत्याचे घाव. वाडीतल्या विहिरीपर्यंतची वाट मोकळी झाली होती.

"टोपी घातलीय का? पाणी घेतलंय बरोबर?"

"सगळं आहे. तू खड्ड्यात काय लावलंस?"

"पेरू. आजच आणला."

"पेरू? लिंबोणी लावायची!"

"अब्बा, अंगण माझं आहे."

"मग जरा भिंतीकडे सरकव तरी. पेरू पसरतो."

"लावून झालाय. आता नाही सरकवणार."

"ऐक माझं..."

तिनं ऐकलं नाही. अब्बांच्या फोनचा बॅलन्स संपेपर्यंत दोघं भांडत राहिले.