डॉर्कसचा निळा रंग

"निळं?" डॉर्कसने विचारलं. "मालक, हे पाणी निळं करायचं?"

"निळं. छान, स्वच्छ." पेनिफोल्ड मालकांनी नवा नमुना तिच्यापुढे ठेवला आणि उगाचच खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस तसा वाईट नव्हता, पण खोटं करायला सांगताना त्यांना समोरच्याकडे बघवत नसे.

दुकानाच्या माडीवर आम्ही आठजणी लांब टेबलाशी ओळीने बसत असू. छापलेलं व्यंगचित्र एका टोकाने यायचं आणि प्रत्येकीच्या हाताखालून एकेक रंग घेत दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. माझा लाल. लंडनमधल्या निम्म्या मंत्र्यांची नाकं मी लाल केली आहेत, आणि एकही नाक विनाकारण केलेलं नाही. माझ्या डावीकडे डॉर्कस बसायची, तिचा निळा. तिच्या पलीकडे ॲग्नेस, तिचा पिवळा.

त्या ऑगस्टात शहरात पटकीने कहर केला होता. डॉक्टर म्हणत होते ती हवेतून येते. नदीपलीकडच्या गल्ल्यांतल्या बायका मात्र नळाकडे बोट दाखवत होत्या. अशात हे चित्र आलं. पाणी-कंपनीचा ढेरपोट्या अध्यक्ष गल्लीतल्या नळाशी उभा राहून एका पोरीला पेला भरून देतोय, आणि खाली छापलंय, 'पी बाळ, शुद्ध आहे!' आधीच्या नमुन्यात पेल्यातलं पाणी गढूळ हिरवं होतं. सगळी गंमत त्या एका रंगात होती. पाणी निळं केलं, की तोच ढेरपोट्या एकदम दानशूर दिसायला लागला.

हे कंपनीच्या सेक्रेटरीच्या बरोबर लक्षात आलं होतं. सकाळी तो येऊन गेला. धमकी नाही, आरडाओरडा नाही. उलट चित्राची तोंडभरून स्तुती केली म्हणे. फक्त पाणी निळं करा, सगळ्या प्रती आम्ही घेतो, आणि वर्षभर आमचं सगळं काम तुमच्याकडेच. लोकांना धीर यावा म्हणून हे चित्र प्रत्येक नळाशेजारी लावायचं होतं.

वर्षभराचं काम म्हटल्यावर आम्हा बायकांच्या जिवात जीव आला. मालक खाली गेल्यावर मीच म्हणाले, "अगं, रंगच तर आहे. लाव आणि मोकळी हो."

डॉर्कस ब्रश पुसत होती. सोळा दिवसांपूर्वी तिची फीबी पटकीने गेली होती. सात वर्षांची पोर सकाळी वेणीवरून आईशी भांडली आणि दिवेलागणीला संपली. तिसऱ्या दिवशी डॉर्कस कामावर हजर.

"हेस्टर," ती म्हणाली, "आमच्या नळाशेजारीही लागणार हे. फीबी दगडावर चढून बादली भरायची ना, त्या दगडाच्या वर. आणि निळा असणार माझ्या हातचा. मी रोज पाणी भरायला जाणार, आणि ते बघणार."

रंगच तर आहे, असं म्हणाले होते मी. अजून आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती आली ती शालीखाली एक मातीची बाटली घेऊन. टेबलावरच्या वाडग्यात पिंपातलं पावसाचं पाणी होतं, ते तिने खिडकीतून ओतून दिलं. बाटलीतलं पाणी वाडग्यात घेतलं, त्यात निळा कालवला आणि कामाला लागली. दर वेळी ब्रशने तळ ढवळून घेत होती. वास आला तशी ॲग्नेसने नाकाला रुमाल लावला. कागद वाळत गेले तसा तो निळा शेवाळी पडत गेला, आणि पेल्याच्या तळाशी बारीक काळा गाळ उरला.

दुपारी मालक सेक्रेटरीला घेऊन वर आले. सेक्रेटरीने दोरीवरचा एक कागद काढला, उजेडात धरला आणि त्याचं हसू पार मावळलं.

"हे काय? कुठल्या गटारात ब्रश बुडवलास?"

"तुमच्याच नळाचं पाणी आहे, साहेब," डॉर्कस उठून उभी राहिली. "आज सकाळीच भरलंय. रंग अगदी उत्तम प्रतीचा आहे, डबी बघा हवी तर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरीचं नाक लालबुंद झालं, त्याला माझ्या रंगाची काही गरज पडली नाही.

"डॉर्कस, तमाशा पुरे," मालक म्हणाले. "स्वच्छ पाणी घे आणि नीट कर."

"ते कशाला, मालक? शुद्ध आहे असं खाली छापलंय की."

"मग उद्यापासून येऊ नकोस!"

"आजपासूनच नाही येत." तिने ब्रश धुतला, त्याचं टोक ओठांनी सरळ करायची सवय होती तिला, पण आज ते बोटांनीच केलं आणि ब्रश डबीशेजारी ठेवला. शाल घेतली. दाराशी ती क्षणभर थांबली, मला वाटलं रडेल. रडली नाही. जिना उतरताना तिच्या बुटांचा आवाज आम्ही शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

"हेस्टर," मालक म्हणाले, "निळा तू घे."

मी काही शूर बाई नाही. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवती मी एकटी. मी ब्रश परत लाल रंगात बुडवला.

"मालक, माझा लाल," मी म्हणाले.

ते ॲग्नेसकडे वळले.

"माझा पिवळा, मालक," ॲग्नेस म्हणाली.

"माझा तपकिरी."

"माझा हिरवा."

टोकाला बसणारी म्हातारी मिसेस टपर तीस वर्षं चेहरे रंगवत होती. तिला विचारायची वेळच आली नाही. मान वर न करता ती म्हणाली, "मी चेहरे करते. पाण्यातलं मला काही कळत नाही."

सेक्रेटरी टोपी घालून निघून गेला. मालक हातात निळ्याची डबी घेऊन तसेच उभे होते. मी समोरच्या कागदावरचं अध्यक्षाचं नाक पुरं केलं आणि कागद डावीकडे सरकवला. ॲग्नेसने डॉर्कसच्या रिकाम्या स्टुलावरून हात लांब करून तो ओढून घेतला. पोरीच्या पेल्यातलं पाणी कोरंच राहिलं होतं.