मळक्या स्पंजाच्या बदल्यात मिशी

माझी मिशी कशी गेली याच्या गल्लीत पाच कथा फिरतात. त्यांतल्या तीन मीच सोडल्यात. ही सहावी, आणि खरी.

घरात माशांची काचेची टाकी आणली तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, "काका, पाणी मुरायला महिना-दीड महिना लागतो. माशाच्या घाणीचं विष होतं. ते खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वस्ती करतात. तोवर गर्दी करू नका." मी मान डोलावली आणि त्याच दिवशी एक मासा सोडला. तो दिवसभर तोंड हलवत इकडून तिकडे जायचा आणि काम काही करायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं हेडक्लार्क.

महिना उलटला. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. आमचं रोज हिरवं. इतकं हिरवं, की एक बकरी खिडकीतून आशेनं डोकावून गेली. रोज थोडं पाणी बदलत होतो म्हणून हेडक्लार्क तग धरून होता, पण आता तोही वर येऊन धापा टाकायला लागला. त्यात रविवारी मेहुणा आणखी आठ मासे आणणार होता. आमच्या हिनंच मागवले होते. "एकटा पडलाय बिचारा," म्हणे. ते आठ आले असते तर नऊच्या नऊ गेले असते.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे बारा वर्षांची टाकी आहे. मुरलेली. मी त्याला गाठलं.

"तुझ्या फिल्टरमधला अर्धा मळका स्पंज दे."

"देतो की. मिशी द्या."

"शुद्धीवर आहेस ना?"

"काका, माझे वडील त्या मिशीला वस्तरा लावायची इच्छा मनात ठेवूनच गेले."

ज्या मिशीच्या टोकावर मी एकदा ओली छत्री वाळत घातली होती, ती मिशी! पण डोळ्यांसमोर हेडक्लार्कच्या धापा आल्या. मी खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले.

त्याच्याच टाकीतल्या पाण्यात बुडवलेला स्पंज डब्यातून घेऊन घरी आलो. हिनं दार उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी!"

मग जी हसायला लागली, ती भिंतीला धरून खालीच बसली. मी फणकाऱ्यानं डबा तिच्या हातात दिला आणि आरशाकडे गेलो. तेवढ्यात मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला.

"थांब!" मी धावलो. "तो धुवू नकोस!"

"शी, किती घाण आहे! आपला कसा, दर शनिवारी कढत पाण्यानं लख्ख करते मी."

"दर शनिवारी?"

"मग? तुम्ही थोडेच करणार?"

महिनाभर मी ज्यांची वाट पाहत होतो, ते दर शनिवारी मोरीतून निघून जात होते.

"बाई गं, त्यात तीन कोटी कामगार राहतात. विष खाणं हेच त्यांचं काम. आणि तू दर आठवड्याला कारखाना पेटवतेस!"

तिनं स्पंज डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"मग सांगायला काय झालं होतं? परक्याकडे जाऊन मिशी काढून येता, घरात चार शब्द बोलवत नाहीत!"

तिनं स्वतःच्या हातानं, न पिळता, तो स्पंज फिल्टरमध्ये बसवला.

रविवारी पाणी अजून फिकट हिरवं होतं. मेहुणा पिशवीतले आठ मासे घेऊन दारात उभा. हिनं उंबरा अडवला.

"परत घेऊन जा."

"ताई, दुकान तासाभरावर आहे!"

"मग नीघ लवकर. पिशवीत जीव घुसमटतील त्यांचे."

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा!"

मी छताकडे पाहत होतो. छत फारच चांगलं आहे आमचं.

अकराव्या दिवशी नळी पिवळीधमक राहिली. हेडक्लार्क तळाशी उतरून खड्यांत तोंड खुपसायला लागला. हिनं लगेच मेहुण्याला फोन लावला.

"दोनच आण. लहान. कामगारांना तेवढं झेपलं की पुढचे दोन."

"कामगार? कुठले कामगार, ताई?"

"तुला दिसायचे नाहीत," ही काचेला नाक लावून म्हणाली. "मला दिसतात. आत्ता त्यांची जेवणाची सुट्टी चाललीये."