लॅम्प रूमचे पाच अल्बम

वामनराव रामटेके यांनी आयुष्यात एकच इंग्रजी कॅसेट विकत घेतली, आणि तीही चुकून. ते घुग्घुसला कोळसा खाणीच्या लॅम्प रूममध्ये कामाला होते. खाली उतरण्याआधी कामगारानं तिथं आपला पितळी बिल्ला जमा करायचा आणि डोक्याचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा देऊन बिल्ला परत. सत्त्याऐंशी साली चंद्रपूरच्या गोल बाजारात, भंगार भावाच्या टोपलीत त्यांना एक कॅसेट दिसली. कव्हरवर हुबेहूब तसाच दिवा आणि वर इंग्रजी अक्षरं: लॅम्प रूम. त्यांना वाटलं, विलायतेतल्या खाणवाल्यांनी सुरक्षेवर काढली असणार. सुरक्षा सप्ताह तोंडावर होता. त्यांनी ती सरळ खाणीच्या लाउडस्पीकरवर लावून दिली. दोन दिवस कामगार टुंई-टुंई ऐकत बिल्ले जमा करत राहिले. मॅनेजरनं विचारलं, यात सुरक्षा कुठं आहे? वामनराव म्हणाले, साहेब, इंग्रजी तुमचं चांगलं आहे, तुम्हीच सांगा.

शेवटी कॅसेट घरी आली आणि त्यांच्या सात वर्षांच्या लेकीच्या, संघप्रियाच्या डोक्यात जाऊन बसली. ती अजून तिथून उठलेली नाही.

लॅम्प रूम हा इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका कोळशाच्या गावातला बँड, हे तिला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं. कीथ हा खाणकामगाराचा पोरगा, डोरीन खाणीच्या कँटीनमध्ये थाळ्या धुणारी. गिटार नाही, ड्रम नाही. दोन माणसं आणि चार सिंथेसायझर. पहिल्या अल्बममध्ये त्यांनी माणसं खाणीत उतरवणाऱ्या पाळण्याची साखळी टेप करून तिचाच ठेका धरला होता. जाणकारांनी नाकं मुरडली, म्हणाले, ही यंत्रं वादकांच्या पोटावर पाय देणार. डोरीननं उत्तर दिलं, यंत्र दुकानातलं असेल, बोटं माझी आहेत. दुसऱ्या अल्बमवर त्याच जाणकारांची पोरं नाचली. जाणकार कुठल्याही मुलुखातले असोत, जात एकच.

संघप्रियाही त्याच वाटेनं गेली. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड शिकली आणि पंचविशीत झाडीपट्टीच्या नाटकांत शिरली. धान कापून झालं की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावागावांत नाटकं लागतात, आणि त्यांच्या कंपन्यांची कार्यालयं सगळी वडशाला. ती इतवारीभाऊंच्या कंपनीत लागली तेव्हा तिथं देवाजी मास्तर ऑर्गन वाजवायचे. तिचा कीबोर्ड आला आणि ऑर्गन माळ्यावर गेला. मास्तरांनी वर्षभर अबोला धरला. मग एका तालमीत मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलं आणि जाताना म्हणाले, पोरी, तू बाजाकडे पाहत नाही, नटाच्या छातीतल्या श्वासाकडे पाहते, वाजव. हे वाक्य तिनं वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याच्यावर ती जगली होती.

यंदा दिवाळीच्या तोंडावर इतवारीभाऊंनी पेनड्राइव्ह आणला. नागपूरला सगळी गाणी भरून घेतलेली, तबला-बासरी-व्हायोलिन सगळं आत. संघप्रियाला वाटलं, आता आपण घरी. पण भाऊंचा डाव त्याहून गोड होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की, तिची जागा कुठंही जात नाही, बिदागीही तेवढीच राहील. पत्रकावर ‘जिवंत संगीत, कीबोर्ड: संघप्रिया रामटेके’ असंच छापायचं, कारण तिच्या नावावर गावं तारखा देतात. तिनं फक्त कीबोर्डपुढं बसायचं आणि बोटं फिरवायची.

“वायर लावाची का नाई?” तिनं विचारलं.

“लावजो ना. आवाज बंद ठेवजो.”

तिनं दोन दिवस मागून घेतले. या दोन दिवसांत ज्यानं त्यानं तिला शहाणपण शिकवलं. बहिणीनं फोनवर सांगितलं, बसून खायला मिळतंय तर कशाला नखरे. नाटकातली नायिका रोशनी, जी तिच्याच सुरावर गाणं शिकली होती, ती म्हणाली, ताई, आपण नाटकच तर करतो. ऐकायला सगळं पटण्यासारखं होतं आणि म्हणूनच संघप्रियाचं डोकं जास्त तापत होतं.

तिसऱ्या अल्बमच्या आधी लॅम्प रूमवरही हीच वेळ आली होती. टीव्हीवर बोलावणं आलं. अट एवढीच की, टेप लागेल, तुम्ही वाजवल्यासारखं करा. सगळेच करायचे. कीथ आणि डोरीन स्टुडिओच्या दारातूनच परत फिरले. रेकॉर्ड कंपनीनं करार मोडला. तिसरा अल्बम त्यांनी एका शाळेच्या जेवणघरात स्वतः रेकॉर्ड केला, तो विकला गेला नाही, आणि पेपरांनी दिवा विझला म्हणून लिहिलं. चौथा अकरा वर्षांनी आला. पाचवा आला तेव्हा दोघांची साठी उलटली होती आणि डोरीनचा आवाज फाटला होता. संघप्रियाला पाचही पाठ होते, पण तिसरा तिचा लाडका. त्यात चुका होत्या, मागं कुठंतरी भांडं पडल्याचाही आवाज होता, आणि माणसं खरोखर तिथं बसलेली आहेत हे कळत होतं.

घुग्घुसला जाऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. वामनराव आता अठ्ठ्याहत्तरचे, अर्धवट ऐकू येणारे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की, एकदा एका पुढाऱ्याचा भाचा कामावर न येता हजेरी मागत होता. साहेबानं सांगितलं, त्याचा बिल्ला खुंटीला लाव, दिवा बाजूला काढून ठेव, कागदावर माणूस खाली गेला समज. वामनरावांनी नाही म्हटलं. बढती गेली ती गेलीच.

“जो मानूस खाली गेलाच नाई, त्याचा बिल्ला मी टांगला नाई,” ते म्हणाले. “उद्या खान बसली असती, तं लोकायनं कोनाले शोधलं असतं?”

मग त्यांनी तिला वडशाच्या गाडीचा टाइम विचारला.

वडशाच्या कार्यालयात त्या दुपारी एका गावचं मंडळ तारीख ठरवायला आलं होतं. पुढं कोलूबाबा नावाचा म्हातारा, मागं चार जण. इतवारीभाऊंनी संघप्रियाला पाहिलं आणि तिचा होकारच आहे असं धरून मंडळाला म्हणाले, या, नमुना ऐका. रोशनी उभी राहिली. भाऊंनी डोळ्यांनी खूण केली आणि पेनड्राइव्ह सुरू झाला. संघप्रिया कीबोर्डपुढं बसलीच नाही. ती सरळ साउंडच्या टेबलाकडं गेली आणि तिनं पेनड्राइव्ह काढून भाऊंच्या हातात दिला.

मंडळाला तिनं सांगून टाकलं की, हे यंत्रात भरलेलं गाणं आहे, मी वाजवत नाही, आणि पत्रकात लिहिलंय ते खोटं आहे. भाऊंचा चेहरा पडला. कोलूबाबा मात्र शांतपणे म्हणाले, मग तू वाजवून दाखव.

ती वाजवायला बसली. रोशनीला दुसऱ्या कडव्याआधी श्वास पुरत नाही, तिथं ती जरा थांबली, रोशनीला घेऊन पुढं गेली. बऱ्याच दिवसांनी तिला आपली बोटं आपली वाटली. गाणं संपलं. मग भाऊंनी हट्टानं पेनड्राइव्ह लावून तेच गाणं पुन्हा ऐकवलं. मंडळानं आपसांत कुजबुज केली.

“बाई, दोनी चांगलेच हायेत,” कोलूबाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. “आमाले तं फरक नाई समजत.”

हे तिला लागलं. भाऊंचं काहीच लागलं नव्हतं, हे लागलं. वीस वर्षं ज्यांच्यासाठी थंडीत बोटं आखडेस्तोवर वाजवलं, ते लोक इतक्या भाबडेपणानं हे सांगत होते. तिचे डोळे भरले, आणि भरले म्हणून तिला स्वतःचा आणखी राग आला.

“तुमाले नाई समजत तं नाई, बाबा,” ती म्हणाली. “मले समजते. वाजवनारी मी आहो.”

तिनं कीबोर्ड पिशवीत भरायला घेतला. इतवारीभाऊंना आता हायसं वाटलं होतं. त्यांनी सांगितलं, जायचं तर जा, दुसरी कुणी बाई बसवू. गावाला कुठं चेहरा ठाऊक आहे. नाव मात्र राहील. पाच हजार पत्रकं छापून आली आहेत, ती काय चुलीत घालू? त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडं बोट दाखवलं.

“जे मी वाजोलंच नाई, त्याच्यावर माह्यं नाव नाई पायजे,” संघप्रिया म्हणाली.

“मंग का करतं?”

तिनं पिशवी भिंतीला टेकवली. पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, सतरंजीवर मांडी घातली आणि पेन काढून वरच्या पत्रकावरचं आपलं नाव आडवी रेघ मारून खोडलं. मग ‘जिवंत’ हा शब्दही खोडला. ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं. मंडळाची माणसं तारीख ठरवायचं सोडून बघत राहिली. भाऊंनी आधी हसून पाहिलं, मग समजावून पाहिलं. पंचविसाव्या-तिसाव्या पत्रकावर त्यांनी वाकून तिच्या हातातला पेन हिसकावला.

तिनं पर्समधून दुसरा काढला आणि पुढचं पत्रक ओढलं.