आवडाबाईचा राहिलेला टोल

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला रुळाचा तुकडा आहे. नाक मुरडू नका! लासूर स्टेशनजवळच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती धर्मग्रामाची पहिली घंटा मीच होतो.

माझा जन्म भट्टीतला. तरुणपण निजामाच्या रेल्वेखाली गेलं. पोलीस ॲक्शननंतर रूळ बदलले आणि मी भंगारात पडलो. त्याच सुमारास आमच्या वस्तीवर एक फादर आले. प्रभूचं देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती नि वर पत्रे. घंटा कुठून आणणार? मग नूरमोहम्मद लोहारानं मला भोक पाडलं, साखळी ओवली आणि देवळापुढच्या लिंबाला टांगलं. हातोड्याचा पहिला ठोका दिला नि हसून म्हणाला, "फादरसाब, इसका आवाज तो पैठणतलक जाता देखो!" पैठण कुठं नि आम्ही कुठं! पण मला लई बरं वाटलं.

मला वाजवायचं काम आवडाबाईकडं आलं. बाई ऐन तारुण्यात विधवा झालेली, मूलबाळ नाही, आणि जिभेला हाड नाही. मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, ती भरभर ठोके द्यायची. मयताला मात्र सावकाश. एक ठोका पुरता विरला की मगच दुसरा. जिच्याशी विहिरीवर झिंज्या ओढून भांडली, तिच्यासाठीही टोल देताना पदरानं डोळे पुसायची. नूरमोहम्मद गेला तेव्हाही तिनं फादरांना गळ घातली. "त्यानंच ह्याला आवाज दिला. मग त्याच्यासाठी नाय वाजवायचं व्हय?" फादर हो म्हणाले.

तिला स्वतःची एकच काळजी होती. दीर पुंजारामला ती सारखी बजावायची, "भावजी, माझ्यामागं रडायला कोणी नाय. माझा टोल तेवढा चुकवू नगा."

"वैनी, तुमी आमाला सगळ्यांला पोचवूनच जाणार!" तो चिडवायचा.

पुढं एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात म्हातारी अंथरुणाला खिळली. आणि नशीब कसं पाहा, तिनं डोळे मिटले ते नेमके गुड फ्रायडेला! आमच्याकडं पवित्र गुरुवारच्या मिस्सेनंतर ईस्टरपर्यंत घंटा वाजत नाही. प्रभूच्या दुःखात घंटाही मुकी. प्रार्थनेला लाकडी खटखट्या फिरवतात. मयत झालं तरी टोल नाही.

पुंजाराम हातोडा घेऊन माझ्याखाली उभा राहिला. "फादर, साऱ्या वस्तीला तिनं पोचवलं. तिला असंच न्यायचं?"

फादर म्हणाले, "आज नाही, पुंजाराम. ईस्टर होऊ दे. मी स्वतः उभा राहीन."

तिची पेटी माझ्याखालून गेली. माझ्यात आवाज होता, पण मला मुकंच राहावं लागलं. मित्रांनो, त्या दिवशी माझं काळीज फाटलं.

ईस्टरला मी आनंदानं भरभर वाजलो. त्यात मयताचा टोल कसा मिसळणार? "उद्या देऊ," फादर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुंजाराम पाहुण्यांना गाडीवर बसवायला स्टेशनात गेला नि इकडं शहरातून नवी पितळी घंटा आली. केव्हाची सांगून ठेवलेली. काय तो जल्लोष! हार काय, नारळ काय! त्या गडबडीत मला उतरवून देवळामागं टाकलं, आणि टोलाचं फादरही विसरले.

पुंजाराम परत आला तेव्हा मी मातीत पडलो होतो. "नवी वाजवा की," कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "ती वैनीला वळखत नाय." त्यानं हातोडा उचलला आणि मला ठोका दिला. थप्प! नुसताच थप्प. त्यानं पुन्हा मारून पाहिलं. मग हातोडा टाकून माझ्याजवळच बसला आणि लेकरासारखा रडला. त्या म्हाताऱ्याला एकट्याला मला उचलणं जमेना. ज्याला त्याला विनवायचा, आणि जो तो म्हणायचा, "बघू, उद्या." पुढं पुंजाराम गेला. त्याला नव्या घंटेनं पोचवलं.

आता वस्तीतली बरीच घरं कामासाठी पडेगावकडं गेली. माझ्यावर गवत वाढलंय. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, जमिनीवर पडलेलं लोखंड वाजत नाही. त्याला कुणीतरी उचलावं लागतं. लिंबाची ती फांदी अजून शाबूत आहे. चौघं-पाचजण या, मला टांगा. ठोका सावकाश द्या, आणि पुरता विरेपर्यंत थांबा. आवडाबाई थांबायची तसं.